कर्नल कंपाईल करताना नेटवर्क कार्ड हातचं जाऊ देऊ नका

परभणीत दर रविवारी सकाळी आठ-दहा मुलं-मुली माझ्याकडे लिनक्स शिकायला येतात. कुणी गंगाखेडहून रेल्वेनं येतं, कुणी जिंतूरहून एसटीनं. मशीन म्हणजे ऑफिसांतून लिलावात निघालेले जुने डेस्कटॉप. कमांड लाइनवर हात बसला की प्रत्येकाला एकदा तरी स्वतःचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कंपाईल करून (सोर्स कोडपासून स्वतः बांधून) बघायचा असतो, आणि तो बघावाच असं माझं मत आहे. पण पहिल्या खेपेला जे बिघडतं ते बहुतेक वेळा एकच असतं. मशीन चालू होतं, लॉगिन येतं, कीबोर्ड-माउस चालतात आणि नेट नसतं. नेट नसलं की काय चुकलं हे शोधायची वाटही बंद होते. घरात एकच मशीन असलेल्या मुलाला ही अडचण फार जड जाते.

म्हणून हा लेख कर्नलच्या बाकीच्या हजारो पर्यायांना हात न लावता फक्त नेटवर्क कार्डाबद्दल आहे. तुमच्याकडे डेबियन किंवा उबुंटू आहे असं मी धरून चाललोय. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्यात. टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या, मोठं अक्षर मी मुद्दाम सांगेन तिथेच.

आधी वही-पेन घ्या

जुना कर्नल चालू आहे, नेट चालू आहे, तोवरच कार्डाची सगळी माहिती काढून घ्यायची. 'एलएसपीसीआय -एनएनके' ही कमांड द्या. भली मोठी यादी येईल. त्यात 'इथरनेट कंट्रोलर' लिहिलेली ओळ शोधा. लॅपटॉप असेल तर वायफायसाठी 'नेटवर्क कंट्रोलर' अशी आणखी एक ओळ दिसेल. आमच्याकडच्या बहुतेक डेस्कटॉपवर ती ओळ साधारण अशी असते: सुरुवातीला स्लॉटचा पत्ता ०२:००.०, मग इथरनेट कंट्रोलर, मग रिअलटेक कंपनीचं नाव, आरटीएल८१११/८१६८, आणि शेवटाकडे चौकोनी कंसात १०ईसी:८१६८. तिच्याखाली थोडं आत सरकून 'कर्नल ड्रायव्हर इन यूज: आर८१६९'. ड्रायव्हर म्हणजे ते कार्ड चालवणारा कर्नलचा भाग.

चौकोनी कंसातला आकडा नीट बघा, कारण सगळा खेळ त्याच्यावर आहे. कोलनच्या अलीकडचे चार अंक कंपनीचे, पलीकडचे चार त्या चिपचे. हे हेक्साडेसिमल आकडे असतात, म्हणून मध्ये अक्षरं येतात. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. इंटेलचा ८०८६ आहे, आणि तो लक्षात ठेवायला सोपा, कारण १९७८ साली आलेल्या त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचं नावही ८०८६ होतं. प्रत्येक ड्रायव्हरच्या आत अशा जोड-नंबरांची एक यादी लिहिलेली असते. कार्डानं स्वतःचा नंबर सांगितला आणि तो एखाद्या ड्रायव्हरच्या यादीत सापडला, की तो ड्रायव्हर ते कार्ड हाती घेतो. यादीत नंबर नसेल तर कार्ड कितीही चांगलं असो, ते नुसतं बसून राहतं.

खोक्यावरच्या किंवा स्टिकरवरच्या नावावर अजिबात जाऊ नका. एकाच नावाच्या वायफाय डोंगलमध्ये पहिल्या आवृत्तीत एक चिप आणि तिसऱ्या आवृत्तीत दुसरीच चिप, हे मी स्वतः पाहिलंय. यूएसबीनं लागणारं कार्ड 'एलएसपीसीआय'मध्ये दिसत नाही. त्यासाठी 'एलएसयूएसबी' द्यायचं. तिथेही तशीच जोडी मिळते, उदाहरणार्थ ०बीडीए:८१५३ हा रिअलटेकच्या यूएसबी गिगाबिट अडॅप्टरचा नंबर, आणि त्याचा ड्रायव्हर आर८१५२. 'एलएसयूएसबी -टी' दिलं तर ड्रायव्हरचं नावही समोर येतं.

वहीत तीन गोष्टी लिहा: नंबरांची जोडी, ड्रायव्हरचं नाव आणि फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम) लागतं का. तिसऱ्यासाठी 'मॉडइन्फो आर८१६९' अशी कमांड द्या, ड्रायव्हरचं नाव तुमच्या कार्डाप्रमाणे बदलून. उत्तरात 'फर्मवेअर' शब्दानं सुरू होणाऱ्या ओळी आल्या तर त्या कार्डाला वेगळी फाइल लागू शकते. फोनवर फोटो काढून भागेल असं मुलं म्हणतात. मी तरी कागदावरच लिहायला लावतो, कारण हातानं लिहिताना आकडा डोळ्याखालून नीट जातो.

जुन्या मशीनवर बहुधा हेच भेटतील: १०० एमबीपीएसचं जुनं रिअलटेक, म्हणजे १०ईसी:८१३९, त्याला ८१३९टू. इंटेलच्या मदरबोर्डवरच्या आय२१७ ते आय२१९ चिपला ई१०००ई. इंटेलच्या आय२१० किंवा आय३५० सर्व्हर कार्डाला आयजीबी. ब्रॉडकॉमच्या बऱ्याच गिगाबिट चिपना टीजी३. व्हर्च्युअलबॉक्समध्ये सराव करत असाल तर तिथलं नेहमीचं कार्ड इंटेलच्या जुन्या प्रो/१००० ची नक्कल असतं आणि त्याला ई१००० लागतो. ई१००० आणि ई१०००ई हे दोन वेगळे ड्रायव्हर आहेत. शेवटच्या एका 'ई'पायी आमच्या दोन मुलांचा अख्खा रविवार गेला होता.

सोर्स आणि जुनी कॉन्फिग फाइल

'एपीटी'नं ही साधनं घालून घ्या: बिल्ड-इसेन्शियल, फ्लेक्स, बायसन, बीसी, लिबएनकर्सेस-डेव्ह, लिबएसएसएल-डेव्ह, लिबईएलएफ-डेव्ह. सोर्स कर्नल डॉट ऑर्गवरून घ्या. पहिल्यांदा करताय तर दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्तीच घ्यावी. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली ६.१२ तशी आहे. दाबलेली फाइल दीडशे एमबीच्या आसपास असते, पण उघडल्यावर आणि कंपाईल करताना ती बरीच पसरते. डिस्कवर २५-३० जीबी रिकामी ठेवा.

कोऱ्या कॉन्फिगपासून, म्हणजे कर्नलमध्ये काय घ्यायचं याच्या कोऱ्या यादीपासून, सुरुवात करू नका. सध्याचा कर्नल ज्या कॉन्फिगवर बांधलाय ती फाइल '/बूट' फोल्डरमध्ये 'कॉन्फिग-' आणि पुढे आवृत्ती अशा नावानं पडलेली असते. ती सोर्सच्या फोल्डरमध्ये '.कॉन्फिग' नावानं कॉपी करा. नाव टिंबानं सुरू होतं हे विसरू नका. ती कॉन्फिग तुमच्या मशीनवर चाललेली आहे, तुमचं कार्डही तिच्यावर चाललेलं आहे, यापेक्षा चांगला आधार मिळायचा नाही. उबुंटू-डेबियनच्या कॉन्फिगमध्ये त्यांच्या सहीच्या सर्टिफिकेटचे पत्ते असतात आणि ती फाइल आपल्याकडे नसते, त्यामुळे कंपाईल मध्येच थांबतं. 'स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --डिसेबल' लिहून पुढे मोठ्या अक्षरांत सिस्टिम_ट्रस्टेड_कीज, आणि पुन्हा तसंच सिस्टिम_रिव्होकेशन_कीज, असं दोनदा चालवलं की तो अडथळा जातो.

लोकलमॉडकॉन्फिगच्या आधी सगळं जोडा

डिस्ट्रोच्या, म्हणजे डेबियन-उबुंटूच्या, कॉन्फिगमध्ये जगातल्या जवळपास सगळ्या कार्डांचे ड्रायव्हर असतात. ते सगळे कंपाईल करायचे तर जुन्या ड्युअल कोर मशीनवर रात्र जाते. म्हणून 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' ही फार उपयोगाची सोय आहे. या घडीला कोणकोणते मॉड्यूल (लागेल तेव्हा कर्नलला जोडता येणारे वेगळे तुकडे, ड्रायव्हर बहुधा असेच असतात) लोड झालेत हे ती 'एलएसमॉड'मधून बघते आणि बाकीचे मॉड्यूल कॉन्फिगमधून काढून टाकते. मध्ये प्रश्न विचारले तर एंटर दाबत जा.

पण 'या घडीला' हे तिचं बोलणं अगदी शब्दशः घ्यायचं. काही वर्षांपूर्वी अंबाजोगाईला एका मित्राच्या घरी मी असाच कर्नल बांधला. केबलनं नेट चालू होतं, लोकलमॉडकॉन्फिग चालवलं, कंपाईल झालं, रीबूट केलं, सगळं छान चाललं. दोन दिवसांनी रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली. मित्रानं मोबाइल यूएसबीला लावला, टेदरिंग चालू केलं, आणि मशीननं काहीच ओळखलं नाही. कारण लोकलमॉडकॉन्फिग चालवताना मोबाइल लावलेला नव्हता. मोबाइलच्या टेदरिंगला लागणारा 'आरएनडीआयएस_होस्ट' मॉड्यूल त्यात निघून गेला होता. त्याला पोर्टलवर फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. जुना कर्नल ठेवलेला होता म्हणून त्यावर बूट करून काम निभावलं. त्या दिवशी मित्राच्या चेहऱ्यावर जी घालमेल मी पाहिली, त्यानंतर ही चूक माझ्याकडून पुन्हा झालेली नाही आणि मुलांकडूनही होऊ देत नाही.

आपल्या भागात मोबाइल टेदरिंग हेच कित्येकांचं मुख्य नेट असतं, म्हणून हे नीट करा. लोकलमॉडकॉन्फिगच्या आधी मोबाइल यूएसबीनं जोडून टेदरिंग चालू करा. वायफाय डोंगल, यूएसबी लॅन अडॅप्टर, पेनड्राइव्ह, प्रिंटर, जे जे वापरता ते सगळं एकेकदा लावा. मग 'एलएसमॉड' देऊन बघा. टेदरिंगसाठी आरएनडीआयएस_होस्ट, सीडीसी_ईथर किंवा सीडीसी_एनसीएम यांपैकी काहीतरी आणि सोबत यूएसबीनेट दिसायला हवं. वायफायसाठी सीएफजी८०२११, आणि बहुतेक कार्डांना मॅक८०२११ सुद्धा. मशीनवर फायरवॉल किंवा डॉकर चालत असेल तर तेही चालू ठेवा, नाहीतर त्यांचे मॉड्यूल असेच गळतील.

मेन्यूकॉन्फिगमध्ये आपलं कार्ड शोधणं

आता 'मेक मेन्यूकॉन्फिग'. निळी खिडकी उघडते. वाट अशी: डिव्हाइस ड्रायव्हर्स, त्यात नेटवर्क डिव्हाइस सपोर्ट, त्यात इथरनेट ड्रायव्हर सपोर्ट. तिथे कंपन्यांची लांबलचक यादी येते. नवख्या माणसाचा इथे एक गैरसमज होतो. 'रिअलटेक डिव्हायसेस' समोर तारा दिसला की आपलं कार्ड चालू झालं असं वाटतं. तो तारा फक्त त्या कंपनीचा दरवाजा उघडतो, त्यानं एकही ड्रायव्हर कंपाईल होत नाही. एंटर दाबून आत जा, तिथे 'रिअलटेक ८१६९/८१६८' अशा नावाची ओळ आहे, तिच्यासमोर खूण हवी. उलट, कंपनीचा दरवाजाच बंद असेल तर आतली ओळ दिसतच नाही, आणि ड्रायव्हर कर्नलमधून काढून टाकलाय की काय असं वाटायला लागतं.

इतकं फिरायचं नसेल तर तिरकी रेघ दाबा, म्हणजे स्लॅश. शोधायची चौकट येते. त्यात वहीतलं ड्रायव्हरचं नाव टाका, आर८१६९. उत्तर वाचायला शिकलात तर निम्मं काम झालं, म्हणून त्यावर थोडं थांबतो. पहिल्या ओळीत पर्यायाचं नाव आणि कंसात त्याची आत्ताची स्थिती असते: वाय म्हणजे कर्नलच्या आतच, एम म्हणजे वेगळा मॉड्यूल, एन म्हणजे नाही. खाली 'लोकेशन' मध्ये मेन्यूची वाट, तिच्याजवळ कंसात १, २ असा आकडा. तो आकडा दाबला की थेट त्या जागी उडी जाते. 'डिपेंड्स ऑन' मध्ये आधी कोणते पर्याय चालू हवेत ते, प्रत्येकाच्या पुढे त्याची स्थिती. इथे एखाद्यापुढे 'एन' दिसला की ड्रायव्हरची ओळ मेन्यूत का नाही हे कळलं. आधी तो पर्याय चालू करून या. 'सिलेक्ट्स' मध्ये तुमच्या ड्रायव्हरसोबत आपोआप चालू होणारे पर्याय असतात. आर८१६९ सोबत रिअलटेकचा फाय ड्रायव्हर असा ओढला जातो. केबलवरचा विद्युत संकेत सांभाळणारा चिपमधला भाग म्हणजे फाय. हे नाव लक्षात असू द्या, बूट होताना ते पुन्हा भेटेल.

ओळीवर असताना 'एम' दाबलं तर मॉड्यूल, 'वाय' दाबलं तर कर्नलच्या आत. डेस्कटॉप आणि लॅपटॉपसाठी नेहमी 'एम' ठेवा. मॉड्यूल असला तर नेट अडकलं तेव्हा 'मॉडप्रोब -आर' नं ड्रायव्हर काढून परत घालता येतो, रीबूट लागत नाही. 'वाय'ची खरी गरज मला एकाच ठिकाणी पडली, डिस्क नसलेल्या लॅबमध्ये. तिथे मशीन आपलं सगळं फाइल सिस्टिम नेटवर्कवरूनच घेतं, त्यामुळे मॉड्यूल ज्या डिस्कवरून वाचायचा ती डिस्कच नेटवर्कच्या पलीकडे असते.

वायफायला 'वाय' करूच नका. इंटेलचा आयडब्ल्यूएलवायफाय ड्रायव्हर कर्नलच्या आत घातला, तर तो डिस्क माउंट व्हायच्या आधीच जागा होतो, '/लिब/फर्मवेअर' मध्ये फाइल शोधतो, आणि ती त्याला मिळत नाही. फाइल डिस्कवर नीट असूनही कार्ड चालत नाही, आणि मुलं तासन् तास तीच फाइल पुन्हा पुन्हा कॉपी करत बसतात.

हात लावायचा नाही असा आणखी एक पर्याय सांगतो: नेटवर्किंग ऑप्शन्समधला 'पॅकेट सॉकेट'. नावावरून तो बिनकामाचा वाटतो, म्हणून कॉन्फिग बारीक करण्याच्या नादात लोक तो काढतात. राउटरकडून आयपी पत्ता मागणाऱ्या डीएचसीपी क्लायंटला तो लागतो. तो गेला तर ड्रायव्हर ठीक, केबल ठीक, लाइटही लुकलुकतो आणि आयपी काही येत नाही.

बाहेर पडण्याआधी 'जनरल सेटअप'मध्ये 'लोकल व्हर्जन'ला स्वतःची शेपटी द्या, जसं '-परभणी१', इंग्रजी अक्षरांत. दर वेळी शेवटचा आकडा वाढवा. मग सेव्ह करा, आणि '.कॉन्फिग'ची एक प्रत घरच्या फोल्डरमध्ये ठेवा.

कंपाईल आणि इन्स्टॉल

'मेक -जे' आणि पुढे प्रोसेसरच्या कोअरचा आकडा, शेवटी 'बिनडेब-पीकेजी'. यानं कर्नलची डेब फाइल (डेबियन-उबुंटूचं इन्स्टॉल करायचं पॅकेज) तयार होते, हेडर्सची (बाहेरचे ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइलींची) वेगळी. डेबहेल्पर किंवा आरसिंक नाही अशी तक्रार आली तर तेही 'एपीटी'नं घाला. तयार फाइली 'डीपीकेजी -आय'नं इन्स्टॉल केल्या की इनिटरॅमएफएस (बूट होताना सुरुवातीला लागणाऱ्या मॉड्यूलची गाठोडी-फाइल) आणि ग्रबची, म्हणजे कोणता कर्नल चालू करायचा ते विचारणाऱ्या मेन्यूची, यादी आपोआप होते, आणि कर्नल नकोसा झाला तर 'एपीटी'नं काढता येतो. हेडर्सची डेबही घालाच. ज्या स्वस्त वायफाय डोंगलचा ड्रायव्हर कर्नलच्या सोर्समध्ये नसतो आणि डीकेएमएसनं (बाहेरचे ड्रायव्हर बांधून देणाऱ्या साधनानं) बांधावा लागतो, त्याला हेडर्स लागतात.

वीज गेली तर घाबरू नका. तीच कमांड परत दिली की मेक राहिलेलं काम पुढे नेतं. पण यूपीएस नसताना मशीन धाडकन बंद पडलं असेल तर अर्धवट लिहिलेल्या फाइली राहतात आणि पुढे जाऊन विचित्र एरर देतात. तशा वेळी 'मेक क्लीन' करून पुन्हा सुरू करा. 'मेक एमआरप्रॉपर' देऊ नका, त्यानं '.कॉन्फिग'ही पुसली जाते. उन्हाळ्यात भारनियमन असतं तेव्हा आम्ही रात्री दहानंतरच कंपाईल लावतो.

बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर आपण बांधलेल्या कर्नलवर मान्य सही नसल्यानं तो बूट होत नाही. शिकण्याच्या मशीनवर तो बंद करून ठेवा.

पहिलं बूट, आणि नेट नसेल तर

जुना कर्नल काढायचा नाही. ग्रबच्या मेन्यूत 'अडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये तो दिसतोय ना हे रीबूट करताना बघून घ्या. मेन्यू येत नसेल तर चालू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबा.

नवा कर्नल आला की 'यूनेम -आर'. शेपटी तुमचीच दिसली पाहिजे. मग 'आयपी लिंक'. तिथे 'एलओ' (मशीनचा स्वतःशीच असलेला दुवा) शिवाय दुसरं नाव असेल, ईएनपी२एस० सारखं, तर ड्रायव्हरनं कार्ड घेतलं. त्यापुढे 'नो-कॅरिअर' असेल तर कर्नलला सोडा, केबल आणि राउटर तपासा. नाव आधीपेक्षा बदललेलं असेल तर नेटवर्कच्या सेटिंग फाइलमध्ये जुनंच नाव राहिलंय का बघा.

नुसतं 'एलओ' असेल तर वही उघडा आणि 'एलएसपीसीआय -एनएनके' पुन्हा द्या. जुन्या कर्नलवर 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ होती, ती आता गायब असेल. 'सुडो मॉडप्रोब आर८१६९' देऊन बघा. मॉड्यूल सापडला नाही असं उत्तर आलं तर तो कंपाईलच झाला नाही, मेन्यूकॉन्फिगकडे परत जा. 'एक्झेक फॉरमॅट एरर' आला तर मॉड्यूल एका बांधणीचा आणि कर्नल दुसऱ्या, शेपटी न बदलता पुन्हा कंपाईल केल्यावर हे होतं. काही तक्रार न करता लोड झाला आणि नेट आलं, तर मॉड्यूल शाबूत आहे, फक्त आपोआप लोड होत नाही. 'सुडो डेपमॉड' चालवा आणि '/ईटीसी/मॉडप्रोब.डी' मध्ये कुणी त्याला ब्लॅकलिस्ट केलंय, म्हणजे आपोआप लोड व्हायला मनाई केलीय, का पाहा.

लोड होतो पण कार्ड घेत नाही, तेव्हा 'सुडो डीमेसेज' वाचा. 'फेल्ड विथ एरर -२' म्हणजे फर्मवेअरची फाइल त्या जागी नाही. उबुंटूवर लिनक्स-फर्मवेअर पॅकेज घाला. डेबियनवर रिअलटेकसाठी फर्मवेअर-रिअलटेक आणि इंटेल वायफायसाठी फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय. 'रिअलटेक डॉट केओ इनिटरॅमएफएसमध्ये घालावा लागेल' अशा अर्थाची ओळ दिसली तर तो मघाचा फाय ड्रायव्हर. इनिटरॅमएफएसमध्ये आर८१६९ गेला आणि त्याचा जोडीदार मागे राहिला. '/ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/मॉड्यूल्स' या फाइलमध्ये रिअलटेक हा शब्द एका ओळीत लिहा, 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' द्या आणि रीबूट करा.

केबल चालली की मोबाइल लावून टेदरिंगही त्याच बैठकीत तपासा, वायफायही. तिन्ही चालले की घरच्या फोल्डरमधल्या कॉन्फिगच्या प्रतीला कर्नलची आवृत्ती आणि तारीख असं नाव द्या. पुढची आवृत्ती घ्याल तेव्हा तीच '.कॉन्फिग' म्हणून ठेवून 'मेक ओल्डकॉन्फिग' द्यायचं. नव्यानं आलेल्या पर्यायांपुरतेच प्रश्न येतात. नेटवर्कच्या भागातला प्रश्न आला की वहीतला नंबर बघा. आपली कंपनी, आपली चिप नसेल तर 'एन' दाबून पुढे जा.